पैसा कुणासाठी थांबतो?



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्या माणसानं आपल्या विषयाचं महत्त्व आधी पटवून द्यावं, असा रिवाज आहे. माझा विषय पैसा आहे, त्यामुळे ते काम सोपं आहे. माझी उमेदीची वर्षं कर्जाच्या फायली वाचण्यात गेली. कुणाला द्यावं, किती द्यावं, तारण काय, बुडालं तर काय, हे प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो. आज तेच प्रश्न मी उलट्या बाजूनं विचारणार आहे. कर्ज घेणाऱ्यानं पैशाची परीक्षा कशी घ्यावी? समाजाचं भलं करायला निघालेला पैसा खरोखर भलं करतो की नाही, हे कशावरून ओळखावं?

अशा पैशाला अलीकडे इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात. गुंतवलेली रक्कम परत यावी, शक्य तर थोडा नफाही व्हावा, पण त्या रकमेनं कुणाचं तरी जगणं सुधारावं, हे त्यात आधीपासून ठरलेलं असतं. हे नाव २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ इथं रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीत रूढ झालं. नाव नवं आहे. पण आपल्या रायगड जिल्ह्याला ही गोष्ट नवी आहे का? मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते क्रमानं सांगतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसापासून करू. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी एका वकिलाच्या घरी मुलगा जन्मला. बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला तो पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यानं मिळवली. पुढं केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकला आणि आय. सी. एस.च्या परीक्षेतही पहिला आला. चिंतामणराव देशमुख. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली याच, तेव्हा कुलाबा म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा विचार पुढं आला तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. हे सारं इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. चिंतामणरावांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावानं सभागृहं आहेत. पण अर्थमंत्री म्हणून त्यांच्या काळात झालेल्या एका कामाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म त्यातच आहे.

१९५१ साली रिझर्व्ह बँकेनं ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी हाती घेतली. ते काम गोरवाला समितीकडे होतं आणि तिच्यात आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं पाहिली गेली. काय दिसलं? शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा जेमतेम ३ टक्के. सरकारचा वाटाही जवळजवळ तेवढाच. व्यापारी बँका १ टक्क्याच्याही आत. आणि सावकार? शेती करणारे सावकार आणि धंदेवाईक सावकार मिळून जवळपास ७० टक्के.

समितीनं यावर उपाय सुचवले. त्यांतून १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन कायद्यानंच तिच्यावर आलं. इथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकात असतो. त्याच्या पुढचा भाग मात्र क्वचितच कुणी सांगतं. छोट्या गावातल्या शाखा सुरुवातीची काही वर्षं तोट्यात चालणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग तो तोटा कुणी सोसायचा? शाखेनं सोसला तर मॅनेजर कर्ज देणार नाही. कर्जदारावर टाकला तर व्याज वाढणार. म्हणून त्याच कायद्यात एका स्वतंत्र निधीची तरतूद झाली. स्टेट बँकेतल्या आपल्या शेअर्सवर रिझर्व्ह बँकेला मिळणारा लाभांश त्या निधीत जमा करायचा आणि नव्या शाखांचा तोटा त्यातून भरून काढायचा.

मित्रहो, हे नीट लक्षात घ्या. मोठ्या मालकानं आपला नफा घरी नेला नाही, लहान गावातल्या शाखेचा तोटा भरायला तो मागे ठेवला. पहिला तोटा कोण सोसणार, हे पहिलं कर्ज देण्याआधी लिहून ठरलं होतं. आज न्यूयॉर्क-लंडनचे इम्पॅक्ट फंड जी रचना मोठ्या अभिमानानं मांडतात, ती आपल्या कायद्यात १९५५ साली होती, आणि तेव्हा अर्थखात्याच्या खुर्चीत रोह्यात वाढलेला माणूस बसलेला होता. म्हणून माझा पहिला मुद्दा हा : पैसा कसा आहे हे व्याजाच्या दरावरून ओळखू नका. पहिला तोटा कोण सोसतो, ते आधी विचारा.

आता दुसरा मुद्दा. पैसा थांबतो किती?

पैशाला धीर नसतो, असं आपण सहज म्हणतो. हे खरं आहे का? आज आपण जिथं जमलो आहोत त्या मोहोपाड्याकडेच बघा. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी वीज करून पाताळगंगेत उतरू लागलं. नदी बारमाही झाली. त्या पाण्याच्या भरवशावर इथं कारखाने आले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यामुळेच या परिसराला रसायनी हे नाव मिळालं. कंपनी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी धुराडं पेटलं, असं झालं नाही. जमीन, यंत्रं, वसाहत, प्रशिक्षण यांत वर्षं गेली. पैसा थांबला. पुढं कंपनी अडचणीत आली तेव्हाही सरकारचा पैसा पुन:पुन्हा थांबला. शेवटी २०१७ साली केंद्रानं रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ पैशानं धीर धरला. आणि मी म्हणतो, योग्यच केलं. त्या धीरावर या पंचक्रोशीत दोन पिढ्या शिकल्या, घरं झाली, बाजारपेठ उभी राहिली.

कारखान्याला कर्ज देताना हप्ता सुरू होण्याआधी मुदत देतात. उत्पादन येईपर्यंत मुद्दल मागत नाहीत. कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या शेअरपुरतं असतं, त्याच्या घरावर कुणी येत नाही. या सवलती आपण उद्योगासाठी विचारपूर्वक निर्माण केल्या, कारण धोका पत्करणाऱ्याला सावरायला वेळ लागतो हे आपल्याला कळलं होतं.

आता इथून थोडं बाहेर पडू आणि कातकरी आदिवासींच्या एखाद्या वाडीवर जाऊ. गणपतीचे दिवस आहेत. भाताची लावणी संपली आहे, मजुरी थांबली आहे आणि कापणीला अवकाश आहे. घरात तांदूळ नाही, पोर तापानं फणफणलंय. अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. कागद नाही, तारण नाही, व्याजाचा दर नाही. वरवर पाहिलं तर यापेक्षा सोपं कर्ज जगात नाही. पण दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, सोबत पोरं, भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे ठरलेली. ती ठरवली कुणी? ज्यानं उचल दिली त्यानं. आठवड्याला खर्ची मिळते, ती पुढच्या हिशेबातून वजा होते. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटा भिजल्या, तर त्या मोजणीत येत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो. वही भट्टीच्या शेठकडे असते, वाचणाराही तोच. अनेकदा बाकी राहते, आणि ती पुढच्या हंगामावर चढते. मुलांची शाळा बुडते ती वेगळीच.

इथं व्याज कुठं आहे? व्याज मजुरीच्या दरात आहे. दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळत असले तरी जाता येत नाही, त्या न जाण्यात आहे. वेठबिगारी कायद्यानं १९७६ साली संपली. पण पैसा जिथं एक आठवडाही थांबत नाही, तिथं ती कायद्याच्या मागच्या दारानं परत येते. कारखान्यासाठी पन्नास वर्षं थांबणारा पैसा कातकऱ्यासाठी एक पावसाळा का थांबत नाही? हा माझा आजचा मुख्य प्रश्न आहे. कातकरी बुडवा आहे म्हणून? उचल घेतलेली जोडी हंगामभर चिखल तुडवून ती फेडत असते. कर्जाच्या फायली वाचणारा माणूस म्हणून सांगतो, याहून सचोटीचा कर्जदार मला दाखवा.

हा प्रश्न या मातीनं पूर्वीही विचारला आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, १९१२ साली जन्मले, वकील झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांनी देह ठेवला, ते हौतात्म्य आपण दरवर्षी आठवतो. पण त्याआधीचे भाई कोतवाल आठवा. कर्जत भागातला गरीब शेतकरी पावसाळ्यात सवाई-दिढीनं धान्य उचलतो, म्हणजे मण घेतला की सव्वा मण, दीड मण फेडतो, आणि पीक येताच ते सावकाराच्या घरी जातं, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. गावाचं धान्य गावात राहावं आणि अडीनडीला गावालाच मिळावं, असा तो विचार होता. पुढं कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी वाड्यांवर धान्य बँका चालवल्या, त्याही याच वाटेवरच्या. धान्यकोठी म्हणजे दुसरं काय? पीक हाती येईपर्यंत थांबणारं भांडवल.

तिसरा मुद्दा : वही कुणाच्या हातात आहे?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची हकीकत आपल्यापैकी काहींना माहीत असेल. चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. लग्नानंतर माणदेशात आल्या. रस्त्यावर राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांना म्हणाली, मला पैसे साठवायचेत, पण बँक माझं खातं उघडत नाही. कशासाठी साठवायचे होते? पावसाळ्यात डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. ती कर्ज मागत नव्हती. स्वतःचेच पैसे ठेवायला सुरक्षित जागा मागत होती. गरिबाची पहिली गरज कर्ज असते असं आपण धरून चालतो, आणि तिथंच चुकतो.

मग बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा प्रसंग धीट बायकांची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि ती आहेच. पण मला त्यात वित्तशास्त्राचा एक धडा दिसतो. ज्या दिवशी कर्जदाराला हिशेब करता येतो, त्या दिवशी कर्जाची जात बदलते. भट्टीवरची वही आणि माणदेशीचं पासबुक यांतला फरक कागदाचा नाही. ते वाचणारे डोळे कुणाचे आहेत, याचा आहे.

वित्त व्यवसायातली माणसं या वाटेला कशी येतात, हेही थोडक्यात सांगतो, कारण इथं कॉमर्सची मुलं-मुली बसली आहेत. जॅकलिन नोव्होग्राट्झ ही चेस मॅनहॅटन बँकेतली तरुण अधिकारी. ऐंशीच्या दशकात तिनं नोकरी सोडली, आफ्रिका गाठली, रवांडात बायकांची पतसंस्था उभारायला हातभार लावला, आणि २००१ साली अक्युमेन हा फंड काढला. त्याच वर्षी भारतात विनीत राय यांनी आविष्कार हा फंड सुरू केला. दोघांनी एकच ओळखलं. देणगी संपते आणि बाजारू भांडवल घाई करतं. या दोहोंच्या मधला, सात-दहा वर्षं थांबणारा पैसा कुणीतरी उभा करायला हवा.

पण सगळंच गोड नाही, आणि ते लपवणं हा श्रोत्यांचा अपमान ठरेल. गरिबाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपन्या वाढत गेल्या. ऑगस्ट २०१० मध्ये त्यातली एक मोठी कंपनी शेअर बाजारात आली आणि तिच्या शेअरवर उड्या पडल्या. दोन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, आंध्र सरकारला वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. एकाच बाईला चार-चार ठिकाणांहून कर्ज, आठवड्याचे हप्ते, गटापुढे होणारी बेअब्रू, आणि आत्महत्यांच्या बातम्या. रिझर्व्ह बँकेला मालेगाम समिती नेमावी लागली, व्याजावर मर्यादा घालाव्या लागल्या. हेतू चांगला होता ना? सुरुवातीला होता. मग बिघडलं कुठं? गुंतवणूकदाराची घाई कर्जदाराच्या दारात पोचली. भांडवलाला तिमाहीचे आकडे हवे होते, आणि ते आकडे बाईच्या आठवड्याच्या हप्त्यातून काढले गेले.

म्हणून चौथा मुद्दा : कर्जदाराला 'नको' म्हणता येतं का? ज्या पैशाला नकार देता येत नाही, तो पैसा कितीही स्वस्त असला तरी मदत ठरत नाही. उचलीला कातकरी नकार देऊ शकत नाही, कारण त्या आठवड्यात दुसरा पैसाच नसतो. त्याला दुसरा पर्याय मिळाला की भट्टीवाल्यालाही दर वाढवून बोलावं लागेल. भट्टी बंद पडावी असं माझं म्हणणं नाही. भट्टीशी घासाघीस करण्याची ताकद जोडीच्या हातात यावी, एवढंच म्हणणं आहे.

आता कुणी विचारेल, हे मोहोपाड्यात बसून आम्ही काय करणार? हिशेब करू. समजा, एका वाडीवर पन्नास कुटुंबं आहेत. समजा, पावसाळ्यातून तरून जायला प्रत्येकाला तीस हजार लागतात. झाले पंधरा लाख. आपल्या बाजारपेठेतून रोज फिरणाऱ्या एका बऱ्यापैकी मोटारीची ही किंमत. समजा, पाचातलं एक कुटुंब आजारपणामुळे फेडू शकलं नाही. तोटा तीन लाखांचा. तेवढी रक्कम देणगीतून आधीच बाजूला काढून ठेवली, तर उरलेले बारा लाख बँकेनं किंवा बचत गटांच्या संघानं द्यायला हरकत काय? स्टेट बँकेच्या शाखांसाठी जी रचना झाली, तीच ही, फक्त वाडीच्या मापाची.

फक्त कर्जावर थांबू नका, कारण काम नसेल तर कर्ज फिटत नाही, आणि सोपं कर्जही गळ्याशी येतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ज्यांच्या नावावर जमीन झाली, त्यांना विहीर, कुंपण, रोपं यांसाठी पाच वर्षांचा पैसा हवा. आंबा-काजू लावला तर दुसऱ्या महिन्यात हप्ता मागून कसं चालेल? रानभाजी आणि भाजीपाला घेऊन पहाटे मोहोपाड्याच्या बाजारात बसणाऱ्या बाईला दिवसाचं भांडवल रोजच्या व्याजानं घ्यावं लागू नये, एवढी सोय बचत गट करू शकतो. आणि त्याच्याही आधी, जिथं नसेल तिथं तिचं बचतीचं खातं उघडा.

देणगीसाठीही आज रस्ते आहेत. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं २०१४ पासून भाग आहे. पाताळगंगेच्या काठावर अशा कंपन्या आहेत. सोशल स्टॉक एक्स्चेंज आला आहे, तिथं नोंदलेल्या संस्थेला सामान्य माणूसही थोडक्या रकमेनं हातभार लावू शकतो. पण कंपनी असो वा व्यक्ती, देणाऱ्यानं फोटोपुरती वस्तू वाटण्याऐवजी पहिला तोटा सोसण्याची तयारी दाखवावी. शंभर दप्तरं वाटणं सोपं आहे. ज्यांची दप्तरं भट्टीवर धूळ खातात, त्यांच्या आईबापांना गावात राहता येईल असं करणं कठीण आहे. कठीण कामालाच भांडवल लागतं.

आणि सावधगिरीही सांगतो. समाजसेवेच्या नावानं कुणी पैसे मागितले, दुप्पट-तिप्पट परतावा कबूल केला, तर दार लावून घ्या. आपल्याच जिल्ह्यात ठेवीदारांनी बंद बँकेच्या दारात हेलपाटे घातलेले आपण पाहिले आहेत. गरिबाच्या नावावरचा पैसा जास्त काटेकोर हिशेबाचा असायला हवा, कमी नव्हे. ऑडिट, वेळच्या वेळी बैठक, आणि वाडीवरच्या बाईला वाचता येईल असा ताळेबंद, यांना पर्याय नाही. चांगुलपणा ताळेबंदाची जागा घेऊ शकत नाही.

थोडक्यात उजळणी करतो. समाजासाठी म्हणून येणाऱ्या कुठल्याही पैशाला चार प्रश्न विचारा. पहिला तोटा कोण सोसतो? पैसा किती थांबतो? वही कोण वाचतो? आणि घेणाऱ्याला नको म्हणता येतं का? चारही उत्तरं गरिबाच्या बाजूची असतील तर त्या पैशाला नाव काहीही द्या, तो चांगला पैसा आहे. तशी नसतील तर नाव कितीही मोठं असो, ती सावकारीच आहे.

समोर बसलेल्या तरुणांना शेवटचं सांगतो. तुम्ही सी. ए. व्हाल, बँकेत जाल, फंड सांभाळाल. जरूर जा, भरपूर मिळवा, काम उत्तम शिका. चिंतामणराव जगाच्या बाजारात उभे राहू शकले ते त्यांच्या तयारीमुळे. ताळेबंद वाचण्याची, जोखीम मोजण्याची, करार लिहिण्याची ही विद्या आज बहुतेक श्रीमंतांच्या कामी येते, कारण तिची फी त्यांनाच परवडते. तिचा काही वाटा इथल्या वाड्यांना द्या. एका बचत गटाचे हिशेब तपासा. एका भट्टीच्या मजुराला त्याच्या हजार विटांमागच्या मजुरीचा आणि खर्चीचा हिशेब लिहायला शिकवा. तीन लाखांचा तो पहिला निधी उभा करा, आणि पुढच्या गणपतीत वाडीवर मुकादम येण्याआधी तिथं पोचा.